हिंदू कोड बिल: नियम बदलला, तत्त्वाचं काय झालं?



आजचा विषय आहे आपल्या देशाच्या खासगी कायद्यावर एका कायदेपंडिताचा पडलेला प्रभाव. खासगी कायदा म्हणजे लग्न, काडीमोड, दत्तक, पालकत्व आणि वारसा यांचा कायदा. सरकार आणि नागरिक यांच्यातला नव्हे, तर एका घरातल्या माणसांमधला कायदा. आणि कायदेपंडित म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. संविधानाच्या संदर्भात त्यांच्यावर आपल्याकडे भरपूर बोललं जातं. हिंदू कोड बिलाचा उल्लेख मात्र बहुधा एका परिच्छेदात उरकतो. बाबासाहेबांनी बिल आणलं, सनातन्यांनी अडवलं, बाबासाहेबांनी राजीनामा दिला, पुढे तेच बिल तुकड्यातुकड्यांनी मंजूर झालं, आणि २००५ साली मुलींना समान हक्क मिळून त्यांचं स्वप्न पूर्ण झालं. शाळेच्या पुस्तकापुरतं हे ठीक आहे. पण यातलं शेवटचं वाक्य आम्हाला चुकीचं वाटतं, आणि मधली वाक्यं अपुरी वाटतात. का, ते आज मांडायचं आहे.

एक खुलासा आधीच करतो. आम्ही वकील नाही. आमचा जन्म तत्त्वज्ञान शिकवण्यात गेला. त्यामुळे कलमं आम्ही गरजेपुरतीच काढू. आमचं लक्ष आहे ते बाबासाहेबांच्या युक्तिवादावर. हा युक्तिवाद आज कोणालाही वाचता येतो. महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली त्यांचं लेखन आणि भाषणं प्रसिद्ध केली, त्यातला चौदावा खंड, दोन भागांत, सगळाच्या सगळा हिंदू कोड बिलाचा आहे. तो खंड घरोघरी नाही, पण ग्रंथालयात आहे.

आता प्रश्न काय? २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचं दहन झालं. २ मार्च १९३० रोजी आपल्या या नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी इथून जवळच येवल्याला बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. आणि हाच माणूस कायदामंत्री झाल्यावर सभागृहात उभा राहून मनू, याज्ञवल्क्य, पराशर, कौटिल्य यांचे दाखले देतो. मुलीला बापाच्या इस्टेटीत वाटा का, तर मनू आणि याज्ञवल्क्य यांनी तिला चौथा हिस्सा सांगितला आहे म्हणून! ज्याची पोथी जाळली त्याचीच साक्ष काढायची, हे काय आहे? विसंगती आहे, वकिली चातुर्य आहे, की आणखी काही? आमच्या मते सगळा विषय या प्रश्नात आहे.

थोडी पार्श्वभूमी लागेल. हिंदू कायदा म्हणून इंग्रजांच्या राज्यात जे चालत होतं ते एकसंध नव्हतंच. बंगालमध्ये जीमूतवाहनाचा दायभाग, बाकी बहुतेक ठिकाणी विज्ञानेश्वराची मिताक्षरा. विज्ञानेश्वर हा कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारातला, याज्ञवल्क्य स्मृतीचा टीकाकार. आपल्याकडे त्याच्या जोडीला नीलकंठ भट्टाचा व्यवहारमयूख. नीलकंठ काशीचा, पण घराणं मूळ पैठणचं. गागाभट्ट त्याच घराण्यातले. विश्वनाथ नारायण मंडलिकांनी मयूखाचं इंग्रजी भाषांतर १८८० मध्ये छापलं आणि मुंबई हायकोर्टात ते वापरात आलं.

दायभाग आणि मिताक्षरा यांच्यात फरक काय? दायभागात बाप जिवंत आहे तोवर इस्टेट बापाची, तो गेला की वारसांची. मिताक्षरेत मुलगा जन्मला की त्या क्षणी वडिलार्जित मिळकतीत त्याचा हक्क उभा राहिला. एकत्र कुटुंबातला एक पुरुष मेला तर त्याचा वाटा उरलेल्या पुरुषांत मुरला. विधवेला आणि मुलींना पोटगी, लग्नखर्च, बस्स. बाईला एखादी मिळकत वारसाने मिळालीच तर ती हयातीपुरती. खावं-प्यावं, पण विकू नये. ती गेली की मिळकत मूळ मालकाच्या पुढच्या वारसाकडे.

पण इथे एक बारकावा आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. विज्ञानेश्वराने स्त्रीधनाची व्याख्या करताना स्मृतीतला 'आद्य' हा शब्द पकडला. आद्य म्हणजे इत्यादी. त्या 'इत्यादी'त त्याने वारसाने मिळालेलं, विकत घेतलेलं, वाटणीत आलेलं, सगळं धन बसवलं. म्हणजे बाराव्या शतकाच्या आसपासचा हा टीकाकार बाईच्या मालकीबाबत बराच सैल हाताचा होता. ही व्याख्या मानली नाही ती लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने. बाईला वारसाने आलेलं धन हे तिचं पूर्ण मालकीचं नव्हे, असा अर्थ एकोणिसाव्या शतकातल्या निकालांतून पक्का होत गेला. मुंबई इलाख्यात मयूखाच्या आणि इथल्या रूढीच्या जोरावर परिस्थिती थोडी बरी राहिली. मुलगा नाही, विधवा नाही आणि मुलगी वारस झाली, तर ती इथे पूर्ण मालक व्हायची. इतर बऱ्याच प्रांतांत नाही. तेव्हा ज्याला आपण सनातन हिंदू कायदा म्हणतो, त्यातला बराचसा भाग एकोणिसाव्या शतकात परक्या न्यायाधीशांनी घट्ट केलेला होता.

सुधारणेचे प्रयत्न बाबासाहेबांच्या आधीपासून चालू होते, आणि त्यात मराठी माणसं पुष्कळ आहेत. मुंबईचे शल्यचिकित्सक डॉ. गोपाळराव देशमुख यांच्या खटपटीने १९३७ चा कायदा झाला; विधवेला मुलाइतका वाटा मिळाला, पण हयातीपुरताच, आणि मुली बाहेरच राहिल्या. १९४१ मध्ये सर बेनेगल नरसिंह राव यांच्या अध्यक्षतेखाली हिंदू कायदा समिती नेमली गेली. तीत पुण्याच्या लॉ कॉलेजचे प्राचार्य जगन्नाथ रघुनाथ घारपुरे होते. समिती १९४४ मध्ये पुन्हा नेमली गेली, गावोगाव साक्षी झाल्या आणि मसुदा तयार झाला. त्याच काळात, १९४६ मध्ये, पांडुरंग वामन काण्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा व्यवहारावरचा तिसरा खंड निघाला. शास्त्र काळानुसार बदलत आलं आहे याचा एवढा मोठा पुरावा दुसऱ्या कोणीच गोळा केला नाही.

म्हणजे मसुदा मुळात बाबासाहेबांचा नव्हता, हे लक्षात घ्या. त्यांनी तो ९ एप्रिल १९४८ रोजी प्रवर समितीकडे पाठवण्याचा प्रस्ताव मांडला. मूळ मसुद्यात मुलीला मुलाच्या निम्मा वाटा होता. समितीतून बाहेर पडताना तो मुलाइतका झाला. मिताक्षरेचा जन्मसिद्ध हक्क बिलाने रद्दच केला. हयातीपुरती मालकी गेली, बाई पूर्ण मालक झाली. एकपत्नीत्व आलं, घटस्फोट आला, आंतरजातीय लग्नाला अडथळा उरला नाही. हुंडा म्हणून जे दिलं जाईल ती मुलीची ठेव मानायची, सासऱ्याची कमाई नाही, अशीही तरतूद होती.

आता युक्तिवादाकडे येऊ. घटस्फोटावर सभागृहात गदारोळ झाला. विवाह हा संस्कार आहे, तो मोडत नाही, असं विरोधक म्हणत होते. बाबासाहेबांचं उत्तर काय? तुम्ही ज्यांना शूद्र म्हणता त्या जाती हिंदूंमध्ये बहुसंख्य आहेत, नव्वद टक्क्यांच्या घरात आहेत, आणि त्यांच्यात रूढीने काडीमोड चालत आलेली आहे. मग सगळ्यांसाठी एक कायदा करायचा तर तो नव्वदांचा घ्यायचा की दहांचा? आपल्याला हे कळायला शास्त्र नको. आपल्या गावांत पाट लागत होते, सोडचिठ्ठ्या होत होत्या, जातपंचायत बसत होती. 'हिंदूंमध्ये घटस्फोट नाही' हे वाक्य मूठभर जातींपुरतंच खरं होतं. त्या जाती स्वतःला सगळा समाज समजत होत्या, एवढंच.

इथे त्यांनी शास्त्राविरुद्ध रूढीचा आधार घेतला. आणि मुलीच्या वाट्याच्या वेळी? तिथे रूढी मुलीच्या विरुद्ध होती. तिथे ते शास्त्राकडे गेले. मनू-याज्ञवल्क्यांनी दिलेला चौथा हिस्सा रूढीने खाऊन टाकला, असं ते म्हणाले. प्रिव्ही कौन्सिलने १८६८ च्या एका मद्रासकडच्या खटल्यात ठरवून टाकलं होतं की रूढी सिद्ध झाली तर ती ग्रंथातल्या वचनाहून वरचढ. हा नियमच मुलीच्या मुळावर आला, असं त्यांचं म्हणणं.

बघा हं. एकदा रूढी घेऊन शास्त्राला हरवायचं, एकदा शास्त्र घेऊन रूढीला हरवायचं. विरोधकांनी याला सोयीस्करपणा म्हटलं तर नवल नाही. तर्कशास्त्राच्या वर्गात एखाद्या विद्यार्थ्याने असा युक्तिवाद केला असता तर आम्हीही त्याला थांबवलं असतं. विचारलं असतं, बाबा रे, तुझा निकष कोणता? शास्त्र की रूढी?

उत्तर असं की दोन्ही नाही. निकष तिसराच आहे. तो निकष म्हणजे समता, बाई आणि पुरुष, जात आणि जात यांच्यातली. शास्त्र आणि रूढी हे दोन्ही त्यांच्या लेखी साक्षीदार आहेत, न्यायाधीश नाहीत. साक्षीदाराला आपण बोलावतो, त्याचं ऐकतो, खोटं बोलला तर दुसरा बोलावतो. निकाल त्याच्या हातात देत नाही. मनूला साक्षीला बोलावणं आणि मनूचं राज्य मानणं या वेगळ्या गोष्टी आहेत. महाडला जे जाळलं ते मनूचं राज्य होतं. दिल्लीत जे वापरलं ती मनूची साक्ष होती. म्हणून आम्ही याला विसंगती म्हणत नाही.

याचं मूळ त्यांच्याच १९३६ च्या जातिसंस्थेवरच्या प्रबंधात सापडतं, जो भाषण म्हणून लिहिला गेला आणि भाषण रद्द झाल्यामुळे पुस्तक म्हणून निघाला. त्यात ते नियम आणि तत्त्व यांत भेद करतात. नियम सांगतो अमुक कर, अमुक करू नकोस, पाककृतीसारखा. तत्त्व कृती सांगत नाही, कृतीचा निवाडा कसा करायचा ते सांगतं. नियम पाळणारा माणूस आज्ञाधारक असतो. तत्त्व पाळणारा जबाबदार असतो. हिंदू लोक ज्याला धर्म म्हणतात तो नियमांचा गठ्ठा आहे, तत्त्वांचा नाही, अशी त्यांची टीका होती. कोलंबियातले त्यांचे गुरू जॉन ड्युई यांच्या विचाराची यात स्पष्ट छाया आहे. हा भेद ध्यानात ठेवा, कारण पुढची सगळी टीका आम्ही त्याच मापाने करणार आहोत. बाबासाहेबांना बाबासाहेबांच्याच मापाने मोजायचं.

त्या मापाने पाहिलं तर त्यांच्या मोहिमेत एक कच्चा दुवा दिसतो. सभागृहात त्यांनी तत्त्व सांगितलंच नाही असं नाही. जुना संस्कारविवाह म्हणजे पुरुषाला बहुपत्नीत्व आणि बाईला कायमची गुलामी, हे त्यांनी तोंडावर सांगितलं. पण बिलाच्या समर्थनाचा मुख्य सांगाडा असा होता की यात नवं फारसं नाही, हे क्रांतिकारक नाही, अमुक गोष्ट मयूखात आहे, तमुक दायभागात आहे, अमक्या जातीत आहे. विरोध एवढा होता की दुसरं काही करणं कठीण होतं, हेही खरं. काँग्रेस पक्षातच एकमत नव्हतं, राष्ट्रपतींचा विरोध होता, रस्त्यावर मोर्चे होते, समोर पहिली सार्वत्रिक निवडणूक होती. सप्टेंबर १९५१ मध्ये विवाह आणि घटस्फोटाचा भाग तरी मंजूर करू म्हणून चर्चा सुरू झाली, चार कलमं झाली आणि बिल सोडून देण्यात आलं. २७ सप्टेंबरला त्यांनी राजीनामा दिला. राजीनाम्याच्या निवेदनात मात्र त्यांनी तत्त्व उघड मांडलं. वर्गावर्गांतली आणि स्त्री-पुरुषांतली विषमता तशीच ठेवून आर्थिक कायदे करत बसणं ही संविधानाची थट्टा आहे, अशा आशयाचं ते बोलणं आहे. सभागृहात जे मागे ठेवलं ते बाहेर पडताना पुढे आलं.

आता परिणाम बघू. 'यात नवं काही नाही' असं म्हणून एखादी सुधारणा पुढे नेली, की समोरचा म्हणतो, नवं काही नाही ना, मग जुनं थोडं राहू द्या की! १९५५ आणि १९५६ मध्ये नेमकं हेच झालं. हरिभाऊ पाटसकरांनी, आपलेच मराठी गृहस्थ, मोठ्या चिकाटीने हे कायदे संसदेतून पार नेले. त्यांचं श्रेय कमी करायचं कारण नाही. विवाहाचा कायदा झाला. वारसा कायद्याच्या चौदाव्या कलमाने हयातीपुरती मालकी संपवून बाईला पूर्ण मालक केलं, हे फार मोठं पाऊल होतं. पण सहाव्या कलमाने मिताक्षरेचं एकत्र कुटुंब जसंच्या तसं ठेवलं, पुरुषांचा जन्मसिद्ध हक्क ठेवला. मुलीला वाटा मिळाला, पण कशात? फक्त बापाच्या वाट्यात. राहत्या घराची वाटणी तिला मागता येत नव्हती. आणि शेतजमिनीच्या कूळ, तुकडेबंदी आणि कमाल धारणेच्या कायद्यांना या कायद्यातून वगळलं होतं.

आकड्यांत सांगतो, म्हणजे लक्षात राहील. १९७८ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका कुटुंबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांचा. नवरा वारला, मागे बायको, दोन मुलगे, तीन मुली. कोर्टाने सांगितलं, नवऱ्याच्या मृत्यूच्या क्षणी वाटणी झाली असं समजा. नवरा, बायको आणि दोन मुलगे, प्रत्येकाला पाव हिस्सा. मग नवऱ्याचा पाव हिस्सा सहा वारसांत सारखा. समजा जमीन २४ एकर आहे. आईला ७ एकर, प्रत्येक मुलाला ७ एकर, प्रत्येक मुलीला १ एकर. विधवेच्या दृष्टीने हा निकाल उदार होता, तिच्या वाट्यासाठीच तो गाजला. पण मुलींकडे बघा. सात आणि एक! आणि हे समान वारसा देणाऱ्या कायद्याखाली.

मग १९७५ पासून राज्यं आपापल्या वाटेने गेली. केरळने एकत्र कुटुंबाची पद्धतच कायद्याने मोडली. आंध्रने १९८६ मध्ये उलट केलं, पद्धत ठेवली आणि मुलीला तिच्यात मुलासारखं घेतलं. आपण १९९४ मध्ये आंध्रच्या वाटेने गेलो, पण आधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राने हीच वाट देशभर लागू केली, लग्न झालेल्या मुलींसकट. राहत्या घराचं कलम गेलं, शेतजमिनीची सूट गेली. ११ ऑगस्ट २०२० च्या निकालाने बाप २००५ मध्ये हयात असण्याची अटही उरली नाही. तेच २४ एकर आज मांडले तर आई, दोन मुलगे, तीन मुली, सगळ्यांना चार-चार एकर येतात. गणित सुटलं.

पण हे बाबासाहेबांचं गणित आहे का? इथे आम्ही सुरुवातीच्या मुद्द्याकडे येतो. त्यांना जन्मसिद्ध हक्काची पद्धतच मोडायची होती. माणूस आणि त्याची मालकी, मधे कुळाची भिंत नको, हा त्यांचा रोख होता. केरळची वाट त्यांची वाट होती. २००५ ने ती भिंत पाडली नाही, मुलीला भिंतीच्या आत घेतलं. तेव्हा 'स्वप्न पूर्ण झालं' म्हणणाऱ्यांनी बिल वाचलेलं नाही.

मात्र हे म्हणताना बाबासाहेबांच्या आराखड्यातली उणीवही सांगितली पाहिजे, नाहीतर ती टीका राहणार नाही, आरती होईल. जन्मसिद्ध हक्क काढला की सगळी मिळकत बापाच्या एकट्याच्या हाती येते. मग तो मृत्युपत्र करून सगळं मुलांच्या नावे लिहू शकतो. समान वाटा फक्त मृत्युपत्र नसेल तेव्हा. आपल्या समाजातला बाप मृत्युपत्र कोणाच्या बाजूने करील? २००५ च्या पद्धतीत बापाला फक्त स्वतःच्या वाट्याचं मृत्युपत्र करता येतं. मुलीचा जन्माचा वाटा त्याच्या हाताबाहेर राहतो. म्हणजे तत्त्वाने अधिक स्वच्छ वाट बाबासाहेबांची, आणि आजच्या मुलीला अधिक संरक्षण देणारी वाट २००५ ची. व्यक्तीला मोकळं केलं की सगळे सारखे मोकळे होतात, हे गृहीत त्यांच्या मसुद्यात होतं. घरातला बाप आणि घरातली मुलगी सारख्या मोकळ्या नव्हत्या. आजही नाहीत.

आता हा विषय आपल्या दारात आणतो. आपण ज्या इंदिरानगरात बसलो आहोत ते काही वर्षांपूर्वी वडाळा-पाथर्डी शिवारातली शेती होती. इथल्या प्रत्येक सोसायटीच्या खाली एक सातबारा आहे, आणि प्रत्येक सातबाऱ्यामागे एक घर, त्यात भाऊ आणि बहिणी. बाप गेला की तलाठ्याकडे वारस नोंद होते, फेरफार होतो, बहिणींची नावं इतर हक्कांत किंवा मालकांत लागतात. मग एक दिवस दिंडोरीहून, निफाडहून, सिन्नरहून बहिणी बोलावल्या जातात. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत फोटो, अंगठा, सही. हक्कसोडपत्र. वर लिहिलेलं असतं की हे राजीखुशीने, कोणाच्या दडपणाखाली न येता, विनामोबदला. नंतर साडी-चोळी, जेवण, आणि एस. टी. किंवा रिक्षाचं भाडं. ज्या घरात हक्कसोड राहून गेलं, तिथे जमीन बिल्डरला देताना त्याचा वकील बहिणींना शोधत जातो, आणि खरेदीखतात त्यांची नावं 'मान्यता देणार' म्हणून येतात. लिहून देणार भाऊ, लिहून घेणार बिल्डर, मान्यता देणार बहीण. तिला चार एकर देणाऱ्या कायद्याचा शेवट या एका शब्दात होतो.

यावर लोक म्हणतात, अहो, बहिणी खुशीने सोडतात. माहेर तुटू नये म्हणून सोडतात. दिवाळीला, भाऊबिजेला जायला दार हवं म्हणून सोडतात. शिवाय लग्नात खर्च झालेला असतो, म्हाताऱ्या आईबापांचं भाऊच करतो. हे मुद्दे हसून सोडून देण्यासारखे नाहीत. ज्या भावाने दहा वर्षं आईचं अंथरूण काढलं त्याला जास्त मिळावं, यात अन्याय नाही. पण मग तसं सांगून द्या, मोबदला म्हणून द्या, आणि जिथे मुलीने आईचं केलं तिथे तिलाही द्या. लग्नाचा खर्च धरायचा तर मुलाच्या शिक्षणाचा, दुकानाचा, गाडीचाही धरा.

आणि खुशीचं म्हणाल तर आम्ही एक साधी कसोटी सुचवतो, तत्त्वज्ञानातली जुनीच आहे. बाजू उलटी करून पाहा. भावाने बहिणीच्या नावे हक्कसोड लिहून दिल्याची उदाहरणं आपल्या सगळ्यांच्या ओळखीत मिळून किती? प्रेम तर दोन्हीकडून असतं ना? मग सही एकाच बाजूची का? जो त्याग नेहमी एकाच बाजूने होतो, त्याला त्याग म्हणण्याआधी चौकशी केली पाहिजे. आणि हक्क मागितल्यावर जे दार बंद होतं, ते दार हक्क सोडण्याची किंमत म्हणूनच उघडं ठेवलेलं असतं. असं माहेर विकत घ्यावं लागतं, दरवर्षी.

हेच बाबासाहेबांचं माप. नियम आपल्यापर्यंत पोचला, सातबाऱ्यापर्यंत पोचला. तत्त्व नाही पोचलं. आपण समतेचा नियमही रूढीसारखाच पाळतो. कागदावर वाटा लावतो, कारण कायदा सांगतो. आणि दुसऱ्या कागदावर तो काढून घेतो, कारण रीत सांगते. दोन्ही वेळा आज्ञाधारक, जबाबदार एकदाही नाही.

याच जिल्ह्यात याहून वेगळं काही घडलं होतं, त्याची आठवण करून देतो. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं. गावोगावच्या शेतकरी बाया फार मोठ्या संख्येने आल्या. त्यातून पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम निघाला. नवऱ्यांनी आपणहून जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करून द्यायचा. कायद्याची सक्ती नव्हती, कोर्टाचा हुकूम नव्हता. शरद जोशींच्या आर्थिक विचाराशी आमचे मतभेद आहेत, पण तो विषय निराळा. इथे मुद्दा असा की पुरुष तलाठ्याकडे जमीन सोडायला गेला, घ्यायला नाही. सहीची बाजू उलटी झाली. तो कार्यक्रमही बायकोपुरता होता, बहिणीपर्यंत आला नाही, ही त्याची मर्यादा. तरी तत्त्व असं उतरतं खाली, माणसाच्या हाताने.

तेव्हा या कायदेपंडिताच्या प्रभावाचं मोजमाप काय करायचं? कलमांत मोजलं तर प्रभाव मोठा आहे. एकपत्नीत्व, घटस्फोट, आंतरजातीय विवाह, बाईची पूर्ण मालकी, मुलीचा वाटा, ही सगळी यादी त्या बिलाची आहे, काही वाट बदलून आली एवढंच. युक्तिवादात मोजलं तर प्रभाव आणखी खोल आहे. 'शास्त्र काय म्हणतं' हा प्रश्न त्यांनी संसदेत साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा केला आणि त्यानंतर तो न्यायाधीशाच्या खुर्चीवर परत बसलेला नाही. १९५५-५६ च्या चर्चेत विरोध करणाऱ्यांनाही शेतीचे तुकडे पडतील, कुटुंब मोडेल अशी ऐहिक कारणं द्यावी लागत होती. पण घरात मोजलं, तर काम बाकी आहे. आणि ते बाकी काम संसदेचं नाही. संसद फार तर हक्कसोडपत्राला सहा महिने थांबायची अट घालील, सही करण्याआधी बहिणीला तिच्या वाट्याची किंमत लेखी सांगायला लावील. हे व्हावं असं आम्हाला वाटतं. त्याने थोडा फरक पडेल. उरलेला फरक या खोलीत बसलेल्या भावांनी पाडायचा आहे, आणि बहिणींनी.

येत्या महिन्या-दोन महिन्यांत तुमच्यापैकी कोणाच्या तरी घरी वारस नोंद व्हायची असेल. सही मागण्याआधी बहिणीला आकडा सांगा. एवढं केलंत तरी आजची संध्याकाळ कारणी लागली म्हणू.

आम्ही इथे थांबतो. प्रश्न जरूर विचारा, आणि वकील मंडळी बसली असतील त्यांनी आमच्या कलमांवर हरकत घ्यावी.